नोंद आणि साक्ष : ब्लॉकचेन, मेघसंगणन व वस्तुजाल यांच्या संयोगाविषयीच्या लेखनाची चिकित्सा

गेल्या दहा वर्षांत संगणकशास्त्राच्या नियतकालिकांतून एका विशिष्ट घाटाचे निबंध विपुल प्रमाणात प्रसिद्ध झाले आहेत. वस्तुजाल, मेघसंगणन आणि ब्लॉकचेन या तीन तंत्रांचा संयोग हा त्यांचा विषय होय. त्यांतील युक्तिवादाचा क्रम बहुधा ठरलेला असतो. ठिकठिकाणी बसविलेली संवेदक उपकरणे तपमान, आर्द्रता, स्थान, गती यांची मापे अखंड पाठवीत असतात, ही पहिली पायरी. या उपकरणांच्या अंगी साठवणुकीचे व आकडेमोडीचे सामर्थ्य बेताचेच असल्याने मापांचा हा सारा पसारा मेघसंगणकांकडे सोपवावा लागतो, ही दुसरी. मेघसंगणक कोणा एका कंपनीच्या ताब्यात असतो, तेव्हा तेथील नोंदींवर इतरांनी विश्वास का ठेवावा, असा प्रश्न निर्माण होतो, ही तिसरी. आणि ब्लॉकचेन कोणा एकाच्या ताब्यात नसून तीत एकदा झालेली नोंद पुढे बदलता येत नाही, सबब विश्वासाचा प्रश्न सुटतो, ही चौथी.

पहिल्या तीन पायऱ्यांविषयी वाद घालण्याचे कारण नाही. चौथी पायरी मात्र वरकरणी तंत्राची दिसली तरी वस्तुतः ती भाषेची आहे. ‘नोंद बदललेली नाही’ या विधानावरून ‘नोंद खरी आहे’ या विधानावर वाचकाला तेथे अलगद आणून सोडलेले असते. ही दोन विधाने एक नव्हेत. ती एक का वाटतात, आणि ती एक मानल्याने व्यवहारात काय घडते, हे पाहणे हा प्रस्तुत चिकित्सेचा हेतू आहे.

आरंभी या तिन्ही नावांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण भ्रमाचा काही भाग नावांतच दडलेला आहे. ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ हा शब्दप्रयोग केव्हिन ॲश्टन यांनी १९९९ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीतील एका सादरीकरणासाठी योजिला. मेघसंगणनाची आज सर्वमान्य झालेली व्याख्या अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविज्ञान संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केली. तीत पाच लक्षणे, तीन सेवाप्रकार व चार मांडणीप्रकार सांगितले आहेत, परंतु मेघ म्हणजे अखेर कोणाच्या तरी मालकीची, वीज व थंड हवा पुरविलेली इमारत होय, ही साधी गोष्ट त्या व्याख्येच्या शब्दांत वाचकाच्या मनावर ठसत नाही. मायक्रोसॉफ्टच्या मेघाचा भारतातील एक विभाग पुण्यास आहे व ॲमेझॉनचा मुंबईस आहे. हे मेघ आषाढात येत नाहीत आणि भाडे थकले तर बरसतही नाहीत. तिसरे नाव सर्वांत नवलाचे. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या निबंधातून हे तंत्र पुढे आले, त्यात ‘ब्लॉकचेन’ हा शब्दच नाही. ठोकळे आहेत, साखळी आहे, पण त्यांचा समास नाही. हा समास पुढे अनुयायांनी रूढ केला, आणि समास रूढ होताच एका विशिष्ट कामासाठी रचलेली युक्ती ही सर्व कामांस लागू पडणारी एक वस्तू झाली.

ती मूळ युक्ती मात्र खरोखर कौतुकास्पद आहे. कोणत्याही मजकुरापासून गणिताने एक ठरावीक लांबीचा आकडा काढता येतो. त्यास हॅश म्हणतात, मराठीत ठसा म्हणावयास हरकत नाही. मजकुरातील एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा सर्वस्वी निराळा होतो, आणि ठशावरून मजकूर परत मिळविता येत नाही. प्रत्येक ठोकळ्यात मागील ठोकळ्याचा ठसा असल्याने मागची एखादी नोंद बदलली की पुढील सर्व ठोकळ्यांचे ठसे चुकतात. ही साखळी हजारो यंत्रांवर जशीच्या तशी ठेवलेली असल्याने ती सर्व ठिकाणी एकाच वेळी नव्याने रचणे जवळजवळ अशक्य ठरते. यांपैकी ठशांनी दस्तऐवज साखळीत गुंफण्याची कल्पना नाकामोतो यांच्याही पूर्वीची आहे. स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टॉर्नेटा यांनी ती १९९१ मध्ये मांडली, आणि १९९५ पासून त्यांच्या कंपनीने असा ठसा दर आठवड्यास न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापण्यास आरंभ केला. छापलेले वृत्तपत्र घरोघर गेल्यावर ते बदलणार कोण? विजेची चणचण असलेल्या गावातही समजेल अशी ही युक्ती आहे.

मराठी लेखनात या साखळीस ‘खतावणी’ किंवा ‘खातेवही’ म्हणण्याचा प्रघात पडू पाहत आहे. इंग्रजीतील ‘लेजर’चा हा सरळ प्रतिशब्द असला तरी तो चुकीचा आहे, आणि चूक इंग्रजीतच झालेली आहे. आपल्याकडील पेढीवर दोन वह्या निराळ्या असत. घडेल तसा व्यवहार तारीखवार टिपण्याची ती कीर्द. कीर्दीवरून प्रत्येक आसामीच्या नावे जमाखर्च उतरवून घ्यावयाचा ती खतावणी. बिटकॉइनची साखळी ही सर्वस्वी कीर्द आहे. कोणाच्या खात्यावर शिल्लक किती, हे तीत कोठेही लिहिलेले नसते. आरंभापासूनची कीर्द वाचून ते काढावे लागते. इथीरियमसारख्या पुढील रचनांत खात्यांची चालू स्थितीही सांभाळली जाते, तथापि तिचा आधार कीर्दच आहे. हा भेद केवळ शब्दांचा नाही. कीर्द लिहिणारा गुमास्ता ‘अमुक घडले’ एवढेच टिपतो. ते घडले की नाही याची शहानिशा खतावणी घालताना, ताळा जमविताना, आणि वेळप्रसंगी गोदामात जाऊन पोती मोजताना होत असे. साखळीला खतावणी म्हटले की ही शहानिशाही जणू तिच्यातच झालेली आहे असा भास होतो.

येथून मुख्य प्रश्नाकडे वळता येते. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या व त्यांच्या निधनानंतर १९६२ मध्ये ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांत वाक्यांचा एक महत्त्वाचा भेद दाखविला आहे. काही वाक्ये वस्तुस्थितीचे निवेदन करतात. ‘बाहेर पाऊस पडत आहे’ हे वाक्य खरे असेल किंवा खोटे असेल, आणि त्याचा निवाडा खिडकीबाहेर पाहून होईल. दुसरी काही वाक्ये उच्चारताच कृती घडते. सभेच्या अध्यक्षाने ‘ठराव संमत झाल्याचे जाहीर करतो’ असे म्हटले की ठराव संमत होतो. त्या वाक्याची पडताळणी करण्यास बाहेर कोठे जावयाचे नसते. अशा वाक्यास कृतिरूप म्हणावे व पहिल्या प्रकारच्या वाक्यास निवेदनरूप म्हणावे.

बिटकॉइनच्या साखळीतील नोंद कृतिरूप आहे. ‘या किल्लीकडील अमुक रक्कम त्या किल्लीकडे गेली’ अशी नोंद झाली म्हणजे रक्कम गेली. त्या नाण्याला नोंदीपलीकडे अस्तित्वच नाही. ते तिजोरीत नाही, खिशात नाही. म्हणून नोंद अबाधित राहिली की वस्तुस्थितीही अबाधित राहिली, असे तेथे यथार्थपणे म्हणता येते. आता शीतकपाटात बसविलेल्या संवेदकाची नोंद घ्यावी. ‘पहाटे तीन वाजता लशीच्या पेटीतील तपमान पाच अंश होते.’ हे निवेदनरूप वाक्य आहे. त्याचे खरेखोटेपण पेटीत आहे, साखळीत नाही. ते साखळीत गोवल्याने लस थंड राहत नाही. एवढेच नव्हे, तर ती थंड होती हे सिद्धही होत नाही. पहाटे तीन वाजता संवेदकाने ‘पाच’ असे म्हटले होते व त्याचे ते म्हणणे मागाहून कोणी बदलले नाही, इतकेच सिद्ध होते. कृतिरूप वाक्यांसाठी घडविलेले साधन निवेदनरूप वाक्यांसाठी वापरावयाचे आणि प्रामाण्य मात्र पहिल्या प्रकारचे मागावयाचे, अशी ही सरमिसळ आहे. तिन्ही तंत्रांच्या संयोगाविषयीचे बहुतेक लेखन या सरमिसळीवर उभे आहे.

मराठी बोलणाऱ्याला हा भेद शिकविण्याची गरज पडू नये. ‘तो काल आला’ आणि ‘तो काल आला म्हणे’ यांत काय अंतर आहे हे पोरासोरांनाही कळते. ‘म्हणे’ हे मुळात ‘म्हणणे’ या धातूचे रूप. आज ते वाक्याच्या शेवटी येऊन ‘हे ऐकीव आहे, जबाबदारी बोलणाऱ्याची नाही’ एवढे सांगणारे अव्यय बनले आहे, व सुराच्या थोड्या हेलकाव्याने ते शंकाही सूचित करते. काही भाषांत ही सोय ऐच्छिक नसून व्याकरणाने सक्तीची केलेली आहे. तुर्कीत भूतकाळाचे एक रूप स्वतः पाहिलेल्या घटनेसाठी व दुसरे ऐकीव वा अनुमानित घटनेसाठी वापरावे लागते. कोलंबिया व ब्राझील यांच्या सीमेवरील तुयुका भाषेत तर पाच प्रकार आहेत: डोळ्यांनी पाहिलेले, इतर इंद्रियांनी जाणलेले, खुणांवरून अनुमानलेले, दुसऱ्याकडून ऐकलेले आणि गृहीत धरलेले. यांपैकी एक निवडल्यावाचून त्या भाषेत साधे विधान पुरे होत नाही. साखळीच्या भाषेत मात्र एकच अर्थ आहे, स्वार्थ. संवेदकाने मोजलेले तपमान, हमालाने कळ दाबून कळविलेली पोच, आणि कारकुनाने अंदाजाने भरलेले वजन ही तीनही विधाने तेथे एकाच स्वरात उभी राहतात. प्रत्येकामागचे ‘म्हणे’ गळून पडलेले असते.

यावर एक सबळ आक्षेप घेता येईल. साखळीतील प्रत्येक नोंदीखाली अंकीय स्वाक्षरी असते. म्हणजे बोलणारा कोण, हे तेथे लिखित असते, आणि ‘म्हणे’पेक्षा हे अधिकच आहे, कारण ‘म्हणे’ सांगणाऱ्याचे नाव सांगत नाही. आक्षेप मान्य केला पाहिजे. परंतु स्वाक्षरी ही किल्लीची असते. ती किल्ली ज्या उपकरणात आहे ते उपकरण कोठे ठेवले होते, हे स्वाक्षरी सांगू शकत नाही. संवेदक पेटीतून काढून शेजारच्या शीतकपाटात ठेवला तर तो तितक्याच इमानाने, तितक्याच शुद्ध स्वाक्षरीने खोटी साक्ष देईल, आणि यंत्राला आपण खोटे बोललो हे कळणारही नाही. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानले आहे ते आप्ताच्या वचनापुरते. वस्तू ज्याने साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, त्यास भाष्यकारांनी आप्त म्हटले आहे. जाणणे आणि सांगण्याची इच्छा या दोहोंविषयी साखळी मौन आहे. सांगितलेले पुढे बिघडू न देणे हे तिसरेच कार्य ती करते, आणि ते उत्तम करते.

या उणिवेस तज्ज्ञांच्या परिभाषेत ‘ओरॅकल’चा प्रश्न म्हणतात. साखळीबाहेरील जगाची खबर साखळीत आणून देणाऱ्यास त्यांनी ग्रीक देवस्थानातील भविष्यवाणीचे नाव दिले आहे. मराठीत कोकण-गोव्याकडील ‘कौल’ हा शब्द त्यास अधिक शोभेल. कौल लावताना देवाच्या अंगावर चिकटविलेले फूल उजवीकडे पडले की डावीकडे, हे सर्वांना दिसते. पण फूल कोणी, किती ओले करून चिकटविले हे कौल सांगत नाही.

या विषयावरील दोन निबंध वारंवार उद्‍धृत केले जातात आणि त्यांना न्याय देणे आवश्यक आहे. क्रिस्तिडिस व डेव्हेत्सिकिओटिस यांचा २०१६ मधील निबंध संयोगाच्या बाजूचा असला तरी वेग, गोपनीयता, करारांची कायदेशीर अंमलबजावणी या अडचणी त्यात प्रांजळपणे नोंदविल्या आहेत. मालागा विद्यापीठातील आना रेयना व त्यांचे सहकारी यांचा २०१८ मधील निबंध अधिक काटेकोर आहे. जी विदा साखळीत येतानाच बिघडलेली असेल ती पुढेही बिघडलेलीच राहील, असे तो स्पष्ट म्हणतो. दोष या निबंधांपेक्षा त्यांचे हवाले देणाऱ्या पुढील पिढीचा आहे. मूळ निबंधातील उपाधी हवाल्यात गळतात आणि ‘ब्लॉकचेनमुळे वस्तुजालाची विदा विश्वसनीय होते’ एवढे बिनशर्त वाक्य शिल्लक उरते. हीही ‘म्हणे’ गळण्याचीच क्रिया, मात्र येथे ती यंत्रात नसून विद्वानांच्या तळटिपांत घडते.

मेघसंगणनाचे स्थान या संयोगात कसे फिरते, हेही पाहण्यासारखे आहे. एक हजार संवेदक दर दहा सेकंदांनी एकेक माप पाठवू लागले तर सेकंदाला १०० नोंदी होतात व दिवसाला ८६ लाख ४० हजार. बिटकॉइनच्या साखळीची झेप सेकंदाला फार तर सुमारे सात व्यवहारांची. मर्यादित सभासदांच्या साखळ्या पुष्कळ वेगवान असतात. ‘हायपरलेजर फॅब्रिक’च्या कर्त्यांनी २०१८ मध्ये सेकंदाला साडेतीन हजारांहून अधिक व्यवहार केल्याचे नमूद केले आहे. पण तेथे सभासद निवडक व ओळखीचे असतात, म्हणजे विश्वास कोणावर ठेवावयाचा हा निर्णय साखळी सुरू होण्यापूर्वीच झालेला असतो. शिवाय प्रत्येक माप प्रत्येक सभासदाच्या यंत्रावर कायमचे साठविण्याचा खर्च कोणालाच परवडत नाही. म्हणून सर्वत्र तोडगा एकच निघतो: मापे मेघात ठेवावयाची आणि त्यांचा ठसा तेवढा साखळीत. ज्या मेघावर विश्वास नाही म्हणून साखळी आणली, त्याच मेघात अखेर मजकूर राहतो. मेघातील मजकूर नाहीसा झाला तर साखळीतील ठसा अचूक असूनही निरुपयोगी होतो. हरवलेल्या पत्राच्या पाकिटावरील लाखेच्या मोहरेइतकाच.

पुढे तर साखळीही मेघातच भाड्याने मिळू लागली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये अशी सेवा देऊ केली आणि १० सप्टेंबर २०२१ रोजी ती बंद केली. ॲमेझॉनची ‘क्यूएलडीबी’ ही सेवा काटेकोर अर्थाने ब्लॉकचेन नव्हती. नोंदींचा अपरिवर्तनीय क्रम हे मात्र तिचे मुख्य आकर्षण होते. २०१९ मध्ये खुली झालेली ही सेवा ३१ जुलै २०२५ रोजी संपली. ग्राहकांना आपला मजकूर अन्यत्र हलविण्यास अवधी मिळाला, त्यामुळे फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही. तथापि ‘अपरिवर्तनीय’ या विशेषणाचे आयुष्य सहा वर्षे ठरले, ही गोष्ट शब्दार्थाच्या अभ्यासकाने टिपून ठेवावी अशी आहे.

सिद्धान्त सोडून प्रयोगांकडे पाहिले असता काय दिसते? अमेरिकेतील वॉलमार्ट या दुकानसमूहाने आयबीएमच्या साहाय्याने केलेला आंब्याचा प्रयोग या साहित्यात सर्वत्र भेटतो. कापलेल्या आंब्याचे एक पाकीट कोणत्या बागेतून आले हे शोधण्यास पूर्वी ६ दिवस १८ तास २६ मिनिटे लागली; साखळीवर नोंदी आणल्यावर ते २.२ सेकंदांत कळले. आकडे प्रभावी आहेत. परंतु हे सहा दिवस कशात गेले होते? एकाच्या वहीत, दुसऱ्याच्या कागदांत आणि तिसऱ्याच्या संगणकात विखुरलेल्या नोंदी गोळा करण्यात. त्या सर्वांनी एकाच पद्धतीने, एकाच ठिकाणी नोंदी करावयाचे मान्य केल्यावर साधे विदागारही तितक्याच सेकंदांत उत्तर देते. श्रेय एकवाक्यतेचे आहे आणि ती घडविली ती बलाढ्य खरेदीदाराच्या शब्दाने.

ही एकवाक्यता जेथे घडू शकली नाही तेथील कथा निराळी आहे. मर्स्क या जहाजकंपनीने पूर्व आफ्रिकेतून युरोपात जाणाऱ्या शीतमालाच्या एका खेपेचा माग काढला तेव्हा तीत सुमारे ३० व्यक्ती व संस्था आणि २०० हून अधिक देवाणघेवाणी आढळल्या. हे जंजाळ सोडविण्यासाठी मर्स्क व आयबीएम यांनी २०१८ मध्ये ‘ट्रेडलेन्स’ उभारले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते बंद करण्याची घोषणा झाली व २०२३ च्या पहिल्या तिमाहीअखेर ते थांबले. संपूर्ण व्यवसायाचे जागतिक सहकार्य मिळू शकले नाही, हे कारण चालकांनीच दिले. विश्वासनिरपेक्ष म्हणून गाजविलेली रचना परस्परविश्वासाच्या अभावी बंद पडावी, यात विनोद आहे, पण तो चालकांच्या खर्चाने झालेला असल्याने त्यावर फार हसणे प्रशस्त नव्हे.

महाराष्ट्रातील वाचकाला या सर्वांहून जवळचे उदाहरण आहे, आणि ते नाशिक-सांगलीकडील द्राक्षांचे. युरोपात निर्यात होणाऱ्या द्राक्षांचा माग ठेवण्यासाठी अपेडा या केंद्रीय संस्थेने २००६ पासून ‘ग्रेपनेट’ ही पद्धती चालविली. बागेची नोंदणी, प्रयोगशाळेतील उर्वरित अंशांची तपासणी, वेष्टनगृह, प्रतवारी आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र या सर्व पायऱ्या एका मध्यवर्ती विदागारात गुंफलेल्या. पुण्याजवळील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा तपासणीच्या शिखरावर. यात ब्लॉकचेन नव्हती, आणि माग काढण्याचे काम तरीही झाले. २०१० च्या हंगामात मात्र येथून गेलेल्या द्राक्षांत युरोपात क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेबाहेर आढळले. वेलीची फाजील वाढ आवरण्यासाठी बागाईतदार वापरत असलेले हे वाढरोधक. खेपा अडकल्या, भाव कोसळले, आणि ज्यांनी सांगितलेल्या सर्व तपासण्या प्रामाणिकपणे करून घेतल्या होत्या ते शेतकरी कर्जात सापडले.

हे कसे घडले, याचे उत्तर प्रस्तुत विषयाच्या गाभ्याशी जाऊन भिडते. कोणी नोंद बदलली नव्हती. कोणी खोटी नोंद केली नव्हती. ते रसायन येथील तपासणीच्या यादीतच नव्हते. पुढे ते यादीत घालण्यात आले. त्या वर्षी बागेत संवेदक असते, मापे मेघात असती आणि ठसे साखळीत असते, तर निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र अधिक वेगाने, अधिक भक्कमपणे आणि अपरिवर्तनीय स्वरूपात तयार झाले असते. जे विचारलेच नाही त्याचे उत्तर नोंदीत नसते. आणि नोंद जितकी अभेद्य दिसते तितका ‘आणखी काय विचारावयास हवे होते’ हा प्रश्न सुचणे कठीण होते. खेपेबरोबरच्या कागदांतून ‘अमुक यादीतील रसायनांपुरते’ ही उपाधी खरेदीदाराच्या व बागाईतदाराच्या मनातून निसटली होती. संयोगवादी लेखनात ती तत्त्व म्हणूनच निसटते.

चूक मागाहून उघडकीस आली तर काय करावयाचे, या प्रश्नावर तर हे लेखन फारच तोकडे आहे. येथे जमीन महसुलाच्या जुन्या दप्तराची आठवण होणे साहजिक आहे. गावच्या दप्तरातील सहाव्या नमुन्याचे नावच ‘फेरफार’. हक्कात बदल झाला की तलाठ्याने नोंद धरावयाची, हितसंबंधीयांस सूचना द्यावयाची, हरकत आल्यास ती ऐकावयाची, वरिष्ठाने प्रमाणित करावयाची व मगच सात-बारा बदलावयाचा. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १५७ अशा नोंदीचे प्रामाण्य ज्या शब्दांत ठरविते त्यांचा आशय असा की, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा कायदेशीरपणे नवी नोंद होईपर्यंत ती खरी मानावी. हे दप्तर काही सचोटीचा आदर्श नव्हे. त्यातील घोळ सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्याचे व्याकरण शहाणे आहे. नोंद ही साक्ष आहे, साक्षीला हरकत घेता येते, आणि तोवर तिला तात्पुरते प्रामाण्य द्यावे, हे सारे त्या एका ‘मानावी’ या विध्यर्थात आले आहे. साखळीतही जुनी नोंद न पुसता दुरुस्तीची नवी नोंद घालता येते, हे खरे. कीर्दीतही चुकीचा व्यवहार असाच उलटा लिहून फिरवीत. मात्र हरकत कोणी घ्यावी आणि ऐकावी कोणी, याची व्यवस्था गणिताने होत नाही.

ती व्यवस्था नसताना प्रसंग आला तेव्हा काय झाले, याचा दाखला इथीरियमच्या इतिहासात आहे. जून २०१६ मध्ये ‘डीएओ’ नामक सामायिक निधीच्या करारातील त्रुटीचा लाभ घेऊन कोणी सुमारे ३६ लाख इथर काढून घेतले. करार आपोआप अमलात येणारा. त्याच्या अक्षरांप्रमाणे पाहता त्या गृहस्थाने काही मोडले नव्हते. निक सॅबो यांनी १९९० च्या दशकात अशा करारांना ‘स्मार्ट’ हे विशेषण लावून नाणे टाकताच वस्तू देणाऱ्या यंत्राचा दृष्टान्त दिला होता; त्याचे ‘चतुर करार’ हे मराठी रूपांतर पाहिले की वाटते, चातुर्य असते तर यंत्राने थोडे थांबून विचारले नसते काय? अखेर जुलै २०१६ मध्ये बहुसंख्य सभासदांनी साखळीलाच निराळे वळण देऊन पैसे परत मिळविले. ज्यांना हे अमान्य होते ते जुन्या वळणावर ‘इथीरियम क्लासिक’ या नावाने राहिले. फेरफार झालाच. फक्त त्यासाठी नमुना नव्हता, सूचना नव्हती आणि हरकतीची मुदतही नव्हती.

या संयोगाचा उपयोगच नाही, असा याचा अर्थ घेऊ नये. परस्परांवर विश्वास नसलेले अनेक पक्ष एका खेपेशी निगडित आहेत, नुकसानीचा वाद पुढे न्यायालयात जाण्याचा संभव आहे, आणि वाद उपस्थित झाल्यावर जुनी मापे बदलण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो, अशा ठिकाणी त्या त्या वेळचा ठसा बाहेर कोठे तरी रोवून ठेवणे फार मोलाचे आहे. वृत्तपत्रात छापलेल्या ठशानेही हे काम झाले होते. मात्र त्यासाठी वापरावयाचे विशेषण ‘अपरिवर्तनीय’ हे नव्हे, आणि ‘सत्यापित’ हे तर नव्हेच. अशी नोंद खाडाखोड अशक्य करीत नाही. झालेली खाडाखोड लपू देत नाही. ‘खाडाखोड उघड करणारी नोंद’ हा शब्दप्रयोग लांबलचक आहे खरा, पण तो खरे सांगतो. ‘ट्रस्टलेस’ या इंग्रजी शब्दाचे ‘अविश्वासी’ असे रूपांतर काही ठिकाणी आढळते. त्याने मूळ अर्थाच्या उलट अर्थ होतो, व ‘विश्वासनिरपेक्ष’ हाच शब्द योग्य होय, तोही नोंद कृतिरूप असेल तेवढ्यापुरता. निवेदनरूप नोंदीसाठी प्रत्येक मापासोबत चार गोष्टी लिहिल्या जाणे अवश्य आहे: संवेदक कोणी बसविला, कोठे बसविला, त्याची तुलना प्रमाणित मापकाशी शेवटी केव्हा केली, आणि काय मोजावयाचे ठरले होते. चौथी गोष्ट आजच्या बहुतेक मांडण्यांत आढळत नाही.